खांदा बसवणारे डोंगरेकाका

डोंगरेकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी आईची वेणी घालत होते. आईचा उजवा हात छातीच्या वर जात नाही, त्यामुळे गेली कित्येक वर्षं हे काम माझ्याकडे आहे. फोन काकांच्या मुलाचा होता, नागपूरहून. "बाबा गेले सकाळी, झोपेतच," तो म्हणाला. अशा वेळी जे म्हणतात ते मीही म्हटलं आणि फोन ठेवला. आईने मान न वळवता विचारलं, "डोंगरे?" मी हो म्हटलं. अर्धी राहिलेली वेणी मी पुरी केली.

काकांना एक वाक्य सांगायचं राहून गेलं. त्यांच्या हयातीत मला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. आता त्याच्यासाठी पानं भरायला बसले आहे, आणि ती वाचायला ते नाहीत.

नेहरू नगरात आमच्यापासून चौथं घर डोंगऱ्यांचं. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील नागपूरहून सरकारी दफ्तरांबरोबर भोपाळला आले. काकाही एका सरकारी खात्यात चिकटले आणि आवक-जावकच्या टेबलावरून निवृत्त झाले. पण मोहल्ल्यात त्यांना कोणी 'बाबूजी' म्हणत नसे. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, 'पहलवान साहब', कारण निखळलेले सांधे बसवणाऱ्याला इकडे पहलवानच म्हणतात. आता हे पहलवान साहब दिसायला कसे? तर किडकिडीत, चष्मा लावलेले, गळ्यात मफलर, आणि मनगट इतकं बारीक की घड्याळाच्या पट्ट्याला जास्तीचं भोक पाडून घेतलेलं. खांदा निखळलेला माणूस पहिल्यांदा यायचा तो त्यांच्या डोक्यावरून आत बघत विचारायचा, "पहलवान साहब हैं क्या?" काका गंभीरपणे म्हणायचे, "आ रहे हैं. आप लेट जाइए तब तक." एक कंत्राटदार तर खांदा बसल्यावर उठून म्हणाला होता, "अब पहलवान साहब आकर क्या करेंगे, हाथ तो अपने आप ठीक हो गया!" काकांनी त्यालाही मान डोलावली. काकू आत पदर तोंडाला लावून हसत होत्या.

ही विद्या त्यांना जुन्या शहरातल्या एका आखाड्यात मिळाली. पोराचं अंग भरावं म्हणून वडिलांनी पाठवलं होतं. अंग काही भरलं नाही, पण तिथले उस्ताद, ज्यांना सगळे खलिफा म्हणत, ते निखळलेले सांधे बसवायचे आणि काकांचं काम असायचं रोग्याचे पाय धरून ठेवायचं. खलिफांची रीत दांडगी. काखेत टाच रोवायची आणि हात ओढायचा. "माणूस बोंबलायचा बाप्पा," काका सांगायचे, "आणि मी पाय धरून रडायचो. खलिफा भोपाळी थाटात हाक मारायचे, को खां, हाथ इसका उतरा है, रो तू रहा है?"

म्हणून काकांनी स्वतःची रीत काढली. व्हरांड्यात एक लाकडी तख्त होतं. त्यावर रोग्याला पालथं झोपवायचं, दुखरा हात कडेवरून खाली लोंबता ठेवायचा आणि मनगटाला गव्हाची पिशवी बांधायची. आधी थोडे गहू, मग दर पाच मिनिटांनी काकू वाटीने आणखी घालायच्या. आणि काका शेजारी वेताच्या मोढ्यावर बसून त्या माणसाला त्याच्या गावाबद्दल विचारत राहायचे. गाव कोणतं, नदी कोणती, आईचं माहेर कुठलं, तिकडे वांग्याच्या भाजीत काय घालतात. बोलता बोलता खांद्याचे स्नायू थकत, ढिले पडत, आणि काका दोन बोटांनी खांद्याच्या कडेला जरासं वळवत. एक हलकासा आवाज यायचा, की झालं. "ओढायचं नसते," ते म्हणायचे. "थकवायचं असते. आपण त्याच्याहून जास्त वेळ बसायचं, बस."

त्यांचे नियम मात्र कडक होते. तख्तावर घ्यायच्या आधी तीन प्रश्न: कधी झालं, कसं झालं, आधी कधी निखळला होता का. मग मनगटाची नाडी बघायचे आणि दंडाच्या बाहेरच्या बाजूला हलकेच चिमटा काढायचे. तिथे बधिर लागलं तर हात न लावता रिक्षा बोलवायचे. खांदा बसवल्यावर काकूंच्या जुन्या लुगड्याची झोळी गळ्यात अडकवायची आणि सरळ फोटो काढायला, म्हणजे एक्स-रेला धाडायचं. चहा मिळायचा तो एक्स-रे दाखवायला परत आल्यावर. आधी नाही, मग तुम्ही कोणीही असा.

आणि सगळ्यांत मोठा नियम, "शिळा खांदा मी घेत नाही." आजचा आज आणला तर ठीक. रात्र उलटून गेली तरी ते नाक मुरडायचे आणि दोन-तीन दिवसांचा असला तर हात जोडायचे. खांदा निखळून राहिला की भोवतीचं मांस आखडतं, हाड नव्या जागी रुळतं, मग जोर लावला तर काहीतरी तुटतंच, असं ते समजावून सांगायचे. लोक गयावया करायचे, कोणी मंत्र्याची ओळख सांगायचं. काका म्हणायचे, "मंत्रीजी का कंधा भी बासी हो तो नहीं लूँगा." मोहल्ल्यातल्या लहान पोरांनाही हा नियम पाठ होता. मलाही होता, हे इथेच सांगून टाकते.

डॉक्टरांशी त्यांची स्पर्धा मुळीच नव्हती. अशोका गार्डन वस्तीतली रेश्मा नावाची व्हॉलीबॉल खेळणारी मुलगी होती. तिचा खांदा एका वर्षात तिसऱ्यांदा निखळला तेव्हा काकांनी तो बसवला आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "अब मेरे पास मत लाना. अंदर का पट्टा ढीला हो गया है. मैं तो सिर्फ़ दरवाज़ा भेड़ता हूँ, कुंडी डॉक्टर लगाएगा." वडील ऑपरेशनच्या नावाने घाबरले. दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतःची स्कूटर काढली, बापलेकीला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं आणि ऑपरेशन झालं त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून राहिले. पुढे वर्षभराने रेश्मा मिठाई घेऊन आली आणि खांदा कसा झाला ते दाखवायला तिने गल्लीतूनच एक सर्व्हिस मारली. डोंगऱ्यांच्या दिवाणखान्याच्या काचेला तडा गेला. काकांनी ती काच कितीतरी महिने बदलली नाही. आल्यागेल्याला तडा दाखवून म्हणायचे, "देखा? रेश्मा के कंधे ने तोड़ा है."

जबड्याची गोष्ट तर आमच्या मराठी मंडळात अजून सांगतात. गणेशोत्सवात एका निवृत्त अधिकाऱ्यांचं भाषण होतं, आणि ते संपण्याचं चिन्ह दिसत नव्हतं. दुसऱ्या रांगेतल्या पाठकमास्तरांना एवढी मोठी जांभई आली की जबडा तिथेच अडकला. मास्तर आ वासून बसलेले, तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांत पाणी. वक्त्यांना वाटलं श्रोता भारावून गेलाय. ते आणखी रंगात आले. काकांनी मास्तरांना दंडाला धरून पडद्यामागे नेलं, आपल्या दोन्ही अंगठ्यांना रुमाल गुंडाळले, मागच्या दाढांवर ठेवून खाली दाबलं आणि जबडा जागेवर सरकवला. परत आणून बसवताना कानात म्हणाले, "पुन्हा जांभई आली तर हनुवटीखाली मूठ धरा." हे रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. मग उरलेलं भाषण अख्खी रांग हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होती, आणि वक्त्यांनी शेवटी 'एवढा विचारी श्रोतृवर्ग' म्हणून आमचे आभार मानले.

इथपर्यंतचे काका मला सांगायला सोपे जातात. पुढचे जात नाहीत.

मावसबहिणीच्या लग्नासाठी मी ग्वाल्हेरला गेले होते, चांगले नऊ दिवस. आईला प्रवास झेपत नव्हता, म्हणून ती घरीच राहिली. "शेजारपाजार आहे, तू जा निवांत," म्हणाली. मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी ती न्हाणीघरात पडली, उजव्या हातावर. खांदा निखळला. तिने कोणाला हाक मारली नाही. पंचा गळ्यात अडकवून हात झोळीत ठेवला, वर शाल घेतली आणि डाव्या हाताने दूधपोळी खात राहिली. मी रोज फोन करायचे, ती रोज "मजेत आहे" म्हणायची. कामवालीला "सर्दी आहे" सांगून लवकर परत पाठवायची. कारण काय, तर मंदा, म्हणजे मी, लग्न सोडून धावत येईल.

मी परत आले आणि तिची शाल काढली. खांद्याचा गोल आकारच नव्हता. तिथे खळगा पडला होता. मी आधी रागावले, मग रडले, मग म्हटलं चल हॉस्पिटलमध्ये. आईने साफ नकार दिला. बाबा तिथून परत आले नव्हते, तेव्हापासून तिला त्या वासाचीही भीती. "डोंगऱ्यांना बोलव," म्हणाली. "ते करतील."

"अगं, आठ दिवस झालेत. शिळा खांदा ते घेत नाहीत."

"मग आठ दिवस कशाला सांगतेस?"

असं आई म्हणाली खरी, पण दोष तिच्यावर ढकलून मला सुटता येणार नाही. मी तरी लगेच का तयार झाले? मला लाज वाटली. सत्तरीच्या आईला एकटं टाकून ही नऊ दिवस लग्नात मिरवत होती आणि म्हातारी मोडक्या हाताने घरात बसली होती, हे अख्ख्या नेहरू नगरात पसरलं असतं. शाळेत पोरांना गणित शिकवणारी, शिस्तीची म्हणून नावाजलेली मी. मला ते नको होतं.

काका आले. आईसमोर बसले. पहिला प्रश्न विचारला, "कधी पडल्या वहिनी?"

"आज सकाळी," मी म्हटलं. "मी आले आणि तासाभरातच."

त्यांनी नाडी पाहिली, चिमटा काढून पाहिला. आईला धरून आपल्या व्हरांड्यातल्या तख्तावर नेलं, गव्हाची पिशवी बांधली. इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीच्या गप्पा काढल्या, कारण आईचं माहेर तिकडचं. पाव तास झाला, अर्धा तास झाला, काकू वाटी वाटी गहू घालत राहिल्या. खांदा जागचा हलेना. काका बुचकळ्यात पडले. "आजचाच आहे ना, मंदा?" त्यांनी पुन्हा विचारलं. माझ्याकडे सरळ बघून विचारलं. त्या क्षणी खरं बोलायला मला कोणी अडवलं नव्हतं.

"हो काका. करा ना काहीतरी, तिला सहन होत नाही."

मग त्यांनी पिशवी सोडली आणि आयुष्यात जे करायचं नाही असं ठरवलं होतं ते केलं. त्यांनी हात ओढला. आखाड्यातल्यासारखा काखेत पाय देऊन नव्हे, अगदी हळू, पण ओढला. आवाज आला तो नेहमीचा नव्हता. आई ओरडली. काकांचा चेहरा पांढराफटक पडला आणि ते म्हणाले, "हाड गेलं."

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी मला आत बोलावलं. दंडाचं हाड वरच्या टोकाशी मोडलं होतं, शीर ताणली गेली होती. त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि विचारलं, "सच बताइए, कब का है?" डॉक्टरांना मी खरं सांगितलं. तिथे आईच्या जिवाचा प्रश्न होता ना! ते म्हणाले, "इतना पुराना कंधा कोई भी खींचता तो यही होता. जिसने खींचा, उसको बताया था आपने?"

बाहेर बाकावर काका बसले होते. पायांत चपला दोन वेगवेगळ्या. मला बघून उभे राहिले.

"माझं काय चुकलं ते सांगितलं का डॉक्टरांनी?"

मी म्हटलं, "वयामुळे हाडं ठिसूळ झालीत म्हणाले." हे अगदीच खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतकं सहज तोंडातून आलं.

काका पुन्हा खाली बसले. "ठिसूळ हाडं मी चाळीस वर्षं बसवली, मंदा," ते म्हणाले. "हात लावला की मला समजत होतं. या वेळी नाही समजलं. हात गेले माझे."

त्या दिवसानंतर त्यांनी कोणाचाही सांधा बसवला नाही. तख्त आतल्या खोलीत गेलं. गहू काकूंनी दळून आणले. लोक यायचे, काका दारातूनच सांगायचे, "अब नहीं करता, भैया. हाथ का भरोसा नहीं रहा." काही दिवसांनी लोकच म्हणायला लागले की पहलवान साहबच्या हातून एका बाईचा हात कायमचा गेला. ते काकांच्या कानावर जायचं, आणि ते कुणाचंही खोडून काढत नव्हते. मीही काढलं नाही.

आणि रोज संध्याकाळी पाचला ते आमच्याकडे यायचे. आईला भिंतीपाशी उभं करायचे आणि बोटं भिंतीवरून वर चालवायला लावायचे. पेन्सिलीने खूण करायचे, काल कुठवर, आज कुठवर. खूण छातीपाशी अडली ती अडलीच. तरी ते वर्षभर येत राहिले. मी चहा द्यायचे. त्यांनी तो कधी घेतला नाही. "वहिनींचा हात वर जाऊ दे, मग घेईन," म्हणायचे. मी कप परत आत नेऊन ओतून टाकायचे.

आई एकदा म्हणाली, "सांगून टाक गं त्यांना. माझा एक हात गेला, त्यांचे दोन्ही घेऊन बसलोय आपण."

"तू सांग ना मग," मी म्हटलं.

"माझ्या तोंडून गेलं तर ते म्हणतील वहिनी माझी समजूत काढतायत. खोटं तू बोललीस."

बरोबरच होतं तिचं. मी ठरवायचे, दिवाळी होऊ दे, मग सांगते. शाळेच्या परीक्षा होऊ देत. मग काकूंचं दुखणं निघालं, तेव्हा कसं सांगायचं? काकू गेल्या, तेव्हा तर शक्यच नव्हतं. जेवढे दिवस जात होते तेवढं सांगणं अवघड होत होतं, आणि हे मला दिसत असूनही मी दिवस जाऊ देत होते.

काकू गेल्यावर मुलाने काकांना नागपूरला बोलावून घेतलं. स्टेशनवर पोचवायला मी गेले. रिक्षात बसताना मनाशी पक्कं केलं होतं, आज सांगायचंच. भर दुपारची गाडी होती. डब्यात चढून मी त्यांचं सामान बाकाखाली सरकवलं, पाण्याची बाटली दिली, ते खिडकीपाशी बसले. मी म्हटलं, "काका, एक सांगायचं होतं."

"बोल ना."

तेवढ्यात दाराशी गलका झाला. एक कुटुंब घाईने चढत होतं, आणि बापाने तीन-चार वर्षांच्या मुलीला एका हाताला धरून वर खेचलं होतं. मुलगी किंचाळायला लागली. ते सगळे येऊन काकांच्या समोरच्याच बाकावर बसले. पोरीचा डावा हात मरगळून लोंबत होता, आई तो उचलायला गेली की ती आणखी रडे. "हाय राम, हाथ ही नहीं उठा रही," आई म्हणत होती. बापाचा चेहरा उतरला होता.

असा सरकलेला कोपर म्हणजे काकांना चुटकीसरशी होणारं काम. हाताला एक वळण दिलं, कोपर दुमडला, की पोर पुढच्या मिनिटाला बिस्किट मागायला लागतं. मला ते माहीत होतं, आणि काकांना तर होतंच. ते पुढे झुकले. दोन्ही हात गुडघ्यांवरून उचलले गेले. मग ते थांबले आणि बापाला म्हणाले, "कोहनी का मामला है, घबराने का नहीं. टीटी से बोलो, आगे स्टेशन पर डॉक्टर मिल जाएगा."

"काका," मी म्हटलं, "तुम्हीच करा ना."

"नाही गं. पोरीचा हात आहे. वहिनींचं एकदा झालं ना."

आता तर वाक्य अगदी ओठांवर होतं. आई आठ दिवस आधी पडली होती, काका. मी खोटं बोलले. तुमचे हात तेव्हाही बरोबरच सांगत होते. एवढं म्हटलं असतं तर ते त्याच क्षणी उठले असते, त्या पोरीचं रडणं थांबलं असतं, आणि नागपूरला गेलेला माणूस वेगळा असता. पण समोर ते अनोळखी लोक होते, काका माझ्याकडे बघत होते, आणि गाडीने शिट्टी दिली.

"काय सांगणार होतीस?" काकांनी विचारलं.

"पोचल्यावर फोन करा," मी म्हटलं.

मी उतरले. गाडी हलली तशी खिडकीबरोबर चार पावलं चालले. काकांनी मला हात हलवून निरोप दिला नाही. पोर समोर रडत होती, ते तिच्याकडे एकटक बघत होते, आणि आपले दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.